पाणी कुणाची बाजू घेत नाही

च्वांग त्झू या प्राचीन चिनी ताओवादी विचारवंताच्या ग्रंथात एका धबधब्याची गोष्ट आहे. ल्यूलियांग नावाच्या ठिकाणी पाणी इतक्या उंचावरून कोसळतं की खालच्या फेसात मगरी-कासवंही उतरत नाहीत. कन्फ्यूशियस शिष्यांबरोबर ते बघत उभा असतो, आणि त्याला त्या पाण्यात एक माणूस दिसतो. जीव द्यायला उडी घेतली असणार, म्हणून तो शिष्यांना काठाकाठाने धाडतो. काहीशे पावलं खाली तो माणूस आपणहून बाहेर येतो. केस मोकळे, ओठांवर गाणं. कन्फ्यूशियस विचारतो, या पोहण्यात काही युक्ती आहे का? माणूस म्हणतो, युक्ती कसली. भोवऱ्याबरोबर आत जातो, उसळीबरोबर वर येतो. पाण्याच्या वाटेनं जातो, त्यात माझं काही घालत नाही.

‘पाण्याची वाट’ हे शब्द माझे नाहीत, मूळ चिनी वाक्यात तेच आहेत (चिनीत वाट म्हणजेच ‘ताओ’). २०२२ साली जेम्स कॅमेरॉनने ‘अवतार’च्या दुसऱ्या भागाला नेमकं हेच नाव दिलं, ‘द वे ऑफ वॉटर’. त्यात समुद्रकाठच्या जमातीतली मुलगी जंगलातून आलेल्या पाहुण्यांना सांगते की पाण्याच्या वाटेला आरंभ नाही नि अंत नाही. समुद्र तुमच्या भोवती आहे आणि तुमच्या आतही आहे. ऐकताना अंगावर काटा येतो, आणि ‘हा तर थेट लाओ त्झू’, म्हणजे ताओ विचाराचा आद्य गुरू, असं म्हणायचा मोह होतो. माझं म्हणणं उलट आहे. विज्ञानपटांनी लाओ त्झूच्या घरून पाणी भरून आणलं, पण पाण्याचा स्वभाव तिथेच विसरून आले. ही नुसती सिनेमावाल्याची कुरकुर नाही. नदी, समुद्र, जंगल यांच्याकडे बघायची आजच्या मुलांची नजर या पडद्यावर जितकी घडते तितकी परिसर अभ्यासाच्या पुस्तकात घडत नाही. म्हणून पडदा काय शिकवतो याची झडती घ्यायला हवी.

लाओ त्झूच्या ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथाचा आठवा अध्याय सगळ्यांना आवडतो. सर्वांत थोर चांगुलपणा पाण्यासारखा. पाणी सगळ्यांच्या उपयोगी पडतं, कुणाशी झगडत नाही, आणि लोक नाक मुरडतात अशा सखल जागी जाऊन बसतं. अठ्ठ्याहत्तरावाही आवडतो. पाण्याइतकं मऊ जगात काही नाही, आणि कठीण फोडायला त्याच्याइतकं समर्थही काही नाही. पाचवा अध्याय मात्र कुणी कपावर किंवा टी-शर्टवर छापत नाही. तिथे लाओ त्झू म्हणतो की आकाशाला आणि पृथ्वीला माया नाही. त्यांच्या लेखी सगळे जीव म्हणजे गवताचे कुत्रे. जुन्या चीनमध्ये विधीसाठी गवताचे कुत्रे करत. विधी होईपर्यंत त्यांना मान, विधी संपला की ते पायदळी. हे दोन्ही अध्याय एकाच माणसाच्या नावावर आहेत, आणि ते एकत्र वाचले तरच पाणी कळतं. पाणी सगळ्यांच्या उपयोगी पडतं ते कुणावर जीव आहे म्हणून नव्हे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माउली कुणाचाही द्वेष न करणारा भक्त कसा असतो ते सांगताना पाण्याचाच दाखला देतात: ‘गाईची तृषा हरूं । कां व्याघ्रा विष होऊनि मारूं । ऐसें नेणेंचि गा करूं । तोय जैसें ॥’ गाय आली तर तहान भागवू आणि वाघ आला तर विष होऊ, असलं पाण्याला ठाऊकच नाही. तुकोबांचं लव्हाळं आपण ऊठसूट काढतो, पण लव्हाळ्याची गोष्ट लव्हाळ्याच्या बाजूने सांगितलेली आहे. या ओवीत पाणी स्वतःच्या जागी उभं आहे, आणि मला ती जास्त अवघड वाटते.

आता ही ओवी हातात धरून पहिला ‘अवतार’ पुन्हा बघा. २००९चा. लढाईच्या आदल्या रात्री नायक झाडापाशी जाऊन पॅन्डोरा या परक्या जगाच्या महामातेला, एय्वाला, मदत मागतो. तिथलीच नायिका नेतिरी त्याला सांगते की आपली आई कुणाची बाजू घेत नाही, ती फक्त जीवनाचा तोल सांभाळते. सबंध सिनेमातलं हे सर्वांत शहाणं वाक्य. आणि अर्ध्या तासात सिनेमा ते मोडतो. हरायची वेळ येते, जमीन हादरते, हातोड्यासारख्या डोक्याची अजस्र जनावरं कळपाने येऊन माणसांच्या यंत्रांवर तुटून पडतात, आणि नेतिरी आनंदाने ओरडते की एय्वाने ऐकलं! आमच्या थिएटरात त्या क्षणी टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. पण तिथे पाणी वाघासाठी विष झालं.

दुसऱ्या भागात तर ही चूक नियम करून केली आहे. तुल्कून नावाचे देवमाशासारखे प्राणी, त्यांच्या समाजात हिंसा वर्ज्य. हा नियम मोडला म्हणून पायाकान नावाचा तुल्कून बहिष्कृत. पटकथेने एवढं छान कोडं घातलं, आणि उत्तर काय? पायाकान शिकारी जहाजावर झेप घेतो, डेक चेचतो आणि प्रेक्षक खूश. कॅमेरॉनची ही जुनी खोड आहे. १९८९च्या ‘द अ‍ॅबिस’मध्ये समुद्रतळाचे परके जीव पाण्यालाच आकार देतात, पाण्याचा एक खांब समुद्राखालच्या तेलकेंद्रात शिरतो आणि नायिकेच्या चेहऱ्याची नक्कल करतो, तो प्रसंग आजही सुंदर आहे. पण १९९३च्या लांबवलेल्या आवृत्तीत हेच पाणी प्रचंड लाटा होऊन किनाऱ्यांवर उभं राहतं, माणसांना अणुयुद्धाबद्दल दम देतं आणि माघारी जातं. मुख्याध्यापक झालेलं पाणी.

यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. निसर्गाला आई म्हटल्याने माणसं निसर्ग जपतील, मग लाओ त्झूच्या पाचव्या अध्यायाचा हट्ट कशाला? मला वाटतं आईच्या रूपकाने जपणूक होत नाही, सुटका होते. आई रागावेल आणि आई सावरूनही घेईल, हे त्या रूपकात आधीच धरलेलं असतं. आपण कृष्णामाई म्हणतो, गोदामाई म्हणतो, ओटी भरतो, आणि त्याच घाटाच्या चार पावलं खाली शहराचा नाला तिच्यात सोडतो. आई आहे ना, पोटात घेईल. एय्वा शेवटी धावून येते, म्हणून पॅन्डोरावर कुणालाच हिशेब करावा लागत नाही. नदी आपली कुणी लागत नाही, ती आपल्यासाठी काहीही करणार नाही, एवढं एकदा मनात उतरलं की सांडपाण्याचा नळ कुठे उघडतो हा प्रश्न आपल्या अंगावर येतो.

मग खरा ताओवादी विज्ञानपट कुठला? नाव ठरलेलं आहे, पण कारण सहसा चुकीचं दिलं जातं. रशियन दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्हस्कीचा ‘स्टॉकर’, १९७९. स्त्रुगात्स्की बंधूंच्या कादंबरीवरचा. एका टापूत काहीतरी परकं येऊन गेलं आहे. सैन्याने तो टापू बंद केला आहे. आत एक खोली आहे, जिथे मनातली सर्वांत खोल इच्छा पुरी होते म्हणतात. लेखक आणि प्राध्यापक अशा दोघांना एक वाटाड्या तिथे नेतो. मधेच त्याच्या मनातलं बोलणं ऐकू येतं, आणि ते जवळजवळ जसंच्या तसं ‘ताओ ते चिंग’च्या शहात्तराव्या अध्यायातलं आहे: माणूस जन्मतो तेव्हा मऊ आणि लवचीक असतो, मरतो तेव्हा ताठ आणि कडक, वाढतं झाड कोवळं असतं, वाळलं की मरतं. या उताऱ्यावर बोट ठेवून लोक थांबतात. उतारा काय, कुणीही घालेल.

मला पटतं ते पाणी. तो वाटाड्या शेवाळलेल्या जागेवर आडवा पडतो आणि कॅमेरा त्याच्यापासून निघून उथळ पाण्यावरून संथ सरकत जातो. खाली फरश्या आहेत, म्हणजे इथे एकेकाळी खोली होती. फरश्यांवर इंजेक्शनची सिरिंज, नाणी, एका जुन्या धार्मिक चित्राचा तुकडा, बंदूक, एक स्प्रिंग, कॅलेंडरचं पान. हत्यार आणि देव एकाच बोटभर पाण्याखाली, आणि पाणी दोघांवरून सारखंच वाहतंय. कुठे कॅमेरा थबकत नाही, संगीत वर चढत नाही. ओवीतलं तोय पडद्यावर असंच दिसेल. (त्या टापूतल्या एका जागेला वाटाड्या ‘सुका बोगदा’ म्हणतो. तिथे पाणी धो धो कोसळत असतं. तार्कोव्हस्कीला विनोद येत नसे असं म्हणणाऱ्यांनी ही जागा पुन्हा बघावी.)

आणि शेवट. तिघे खोलीच्या उंबऱ्याशी पोचतात तेव्हा कळतं की प्राध्यापकाने पिशवीत बॉम्ब आणला आहे. ही खोली दुष्टांच्या हाती पडू नये म्हणून उडवून द्यायची. हॉलीवूडला याहून सोयीचा प्रसंग कुठला मिळणार! इथे मात्र झटापट होते, वाद होतो, मग प्राध्यापक बॉम्बचे भाग सुटे करतो आणि एकेक पाण्यात टाकून देतो. खोलीत कुणीच जात नाही. तिघे जमिनीवर टेकतात. खोलीत पाऊस पडायला लागतो, काही वेळ पडतो, थांबतो. ‘वू-वेई’ म्हणजे न करता करणं, हे शब्दांत सांगायला गेलं की कोड्यासारखं वाटतं. इथे तीन दमलेली माणसं आणि एक न झालेला स्फोट आहे, त्यात कोडं काही नाही.

या सिनेमाची एक कडू बाजू आहे. बरंचसं चित्रीकरण एस्टोनियात टॅलिनजवळ, यागला नदीवरच्या बंद पडलेल्या जलविद्युत केंद्रांच्या आसपास झालं. नदीच्या वरच्या अंगाला रासायनिक कारखाना होता आणि त्याचं विषारी पाणी खाली येत होतं. ध्वनिसंयोजक व्लादिमिर शारुन यांनी पुढे सांगितलं की सेटवरच्या कित्येक बायकांना चेहऱ्यावर अ‍ॅलर्जी उठली. लेखकाचं काम करणारा अनातोली सोलोनित्सिन १९८२ साली गेला, तार्कोव्हस्की १९८६ साली पॅरिसमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने. या मृत्यूंचा दोष शारुन त्या पाण्याला देत. तसं असेल वा नसेल, मऊपणाचं स्तोत्र गाणारा सिनेमा ज्या पाण्यात उभा राहून केला ते पाणी विषारी होतं, आणि पाण्याने तार्कोव्हस्कीची बाजू घेतली नाही.

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकीचा ‘नौसिका’ (१९८४) हा अ‍ॅनिमेशनपट मला या वादात सर्वांत उपयोगी वाटतो. महायुद्धाने जग जळल्यावर हजार वर्षांनी पृथ्वीवर बुरशीचं विषारी रान पसरत चाललंय, माणसं तोंडाला मुखवटे बांधून जगताहेत, आणि शेजारचं साम्राज्य एक जुनं महाअस्त्र जागं करून ते रान जाळायला निघालंय. नौसिका ही खोऱ्यातल्या छोट्या राज्याची मुलगी. तिने किल्ल्याच्या तळघरात चोरून एक बाग केली आहे. रोपं त्याच विषारी रानातली. पण पाणी खूप खोल विहिरीतून वर ओढलेलं आणि वाळू त्याच विहिरीच्या तळाची. ती रोपं विष सोडतच नाहीत. दोष झाडात नाही, मातीत आहे, आणि माती माणसाने नासवली. पुढे ती रानाखालच्या पोकळीत कोसळते तेव्हा दिसतं की झाडं मातीतलं विष शोषून घेतात, त्यांचे खोड दगड होऊन मरतात, आणि खाली झरते ती शुद्ध वाळू आणि स्वच्छ पाणी. ज्याला शत्रू म्हणून जाळायला निघालो तोच जखम धुतोय. त्याला धुऊ द्यायचं, हात आवरायचा, एवढंच काम आहे, आणि तेच कुणाला जमत नाही.

ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. जपानमधल्या मिनामाताच्या उपसागरात एका रासायनिक कारखान्याने वर्षानुवर्षं पारा सोडला. १९५६ साली त्या आजाराची अधिकृत नोंद झाली आणि पाणी सोडणं १९६८ साली थांबलं. विषामुळे माणसांनी मासेमारी बंद केली आणि उपसागरात मासे वाढले. या बातमीतून आपल्याला गोष्ट सुचली असं मियाझाकी सांगतात. या बातमीत आई नाही आणि सूडही नाही. माणूस दूर झाला, मासे आले. माशांच्या अंगात पारा होताच. (सिनेमाचा शेवट मात्र चमत्काराने होतो, नौसिका निळ्या वस्त्रात सोनेरी रानावर चालते. तेवढं मला आजही पचत नाही.)

‘करण्या’ची हाव पडद्यावर बघायची असेल तर अर्सुला ले ग्विनच्या कादंबरीवरचा १९८० सालचा अमेरिकन दूरचित्रपट आहे, ‘द लेथ ऑफ हेवन’. एका साध्या माणसाची स्वप्नं खरी होतात, आणि त्याचा मानसोपचारतज्ज्ञ संमोहनाने जग सुधारायला घेतो. गर्दी कमी कर म्हटलं, तर महामारी येऊन गेलेली असते. वंशभेद मिटव म्हटलं, तर सगळी माणसं राखाडी होतात. डॉक्टर दुष्ट नाही, हीच गोष्टीतली भीती. शीर्षक च्वांग त्झूच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातलं. पुढे चिनी विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडहॅम यांनी लेखिकेला कळवलं की त्या काळी चीनमध्ये लेथ नव्हतंच. भाषांतरच चुकलेलं. ताओवादी गोष्टीला चुकून मिळालेलं नाव शोभतं.

आता माझ्यावरचा आक्षेप, आणि तो हलका नाही. डोक्यावर हंडा घेऊन दोन मैल चालणाऱ्या बाईला ‘न करण्या’चं प्रवचन कोण देणार? हात आवरा हे सांगणं ज्याच्या घरात नळ आहे त्यालाच सुचतं. च्वांग त्झूच्याच ग्रंथात एक म्हातारा माळी आहे. विहिरीत उतरून घागरीने पाणी आणतो आणि बाग शिंपतो. कन्फ्यूशियसचा शिष्य त्याला सुचवतो की आडवा दांडा बसव, मागे वजन, पुढे बादली, दिवसाला शंभर वाफे भिजतील. म्हणजे आपल्या कोकणातली लाट. म्हातारा हसून म्हणतो, यंत्र आलं की यंत्राच्या खटपटी येतात, मग मनच यंत्र होतं; मला ठाऊक नाही असं नाही, मला लाज वाटते. ही गोष्ट यंत्रविरोधक डोक्यावर घेऊन नाचतात. पण ती तिथे संपत नाही. शिष्य परत येऊन सांगतो तेव्हा कन्फ्यूशियस म्हणतो, त्या म्हाताऱ्याला एक कळलंय, दुसरं कळलेलं नाही.

ते दुसरं काय असेल याचं उत्तर मला सिनेमात नाही, सिच्वान प्रांतात सापडतं. इसवी सनापूर्वी २५६च्या सुमारास ली बिंग या अधिकाऱ्याने मिन नदीवर दूज्यांगयान या सिंचनव्यवस्थेची रचना केली. तिथे नदी अडवणारी भिंत नाही. बांबूच्या करंड्यांत दगड भरून प्रवाहाच्या मध्यात माशाच्या तोंडासारखा बांध घातला. त्याने नदीचे दोन फाटे झाले. पाणी कमी असलं की साधारण साठ टक्के शेतीकडे वळतं, पूर आला की तेवढंच बाहेरच्या फाट्याने निघून जातं, आणि वळणावरच्या एका बुटक्या बांधावरून जादा पाणी आपल्याबरोबर गाळ घेऊन पसार होतं. दरवाजे उघडायला कुणी लागत नसे. डोंगर मात्र फोडला: खडक तापवायचा, वर गार पाणी ओतायचं, तडकला की काढायचा. म्हणजे कष्ट अफाट, पण नदीला तिच्या स्वभावाविरुद्ध एकही गोष्ट सांगितलेली नाही. आज बावीसशे वर्षांनंतरही त्यावर लाखो हेक्टर जमीन भिजते. लगतचा छिंगचंग डोंगर हे ताओ पंथाचं जुनं पीठ आहे, आणि युनेस्कोने २००० साली दोन्ही मिळून एकच जागतिक वारसा म्हणून नोंदले.

चिनी म्हटलं की ताओवादी, हाही भाबडेपणा आहे. ‘ल्ये त्झू’ या ताओ परंपरेतल्याच ग्रंथात दारातले दोन डोंगर पिढ्यान्‌पिढ्या खणून हलवायला निघालेल्या हट्टी म्हाताऱ्याची गोष्ट आहे. माओने १९४५च्या भाषणात ती पक्षासाठी वापरली. २०१९चा ‘द वॉन्डरिंग अर्थ’ हा त्या म्हाताऱ्याचा पणतू. सूर्य फुगून पृथ्वीला गिळणार म्हणून दहा हजार इंजिनं लावून अख्खी पृथ्वी ढकलत अडीच हजार वर्षांच्या प्रवासाला न्यायची! समुद्र गोठलेले, शांघाय बर्फात. मला तो बघायला मजा आली. पण तो पाण्याचा सिनेमा नाही, बर्फाचा आहे.

पाण्याचा सिनेमा केला तो जिया चांगके या चिनी दिग्दर्शकाने, ‘स्टिल लाइफ’, २००६. व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला. विज्ञानपटांच्या यादीत तो कुणी घालत नाही, मी घालतो. यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणासाठी तेरा लाखांहून जास्त माणसं उठवली गेली. त्यात बुडणाऱ्या फंगज्ये या गावात कोळसा खाणीतला एक मजूर सोडून गेलेली बायको शोधत येतो. एका प्रसंगात तो दहा युआनची नोट हातात धरून समोर बघतो. नोटेवर जो घाट छापलाय तोच समोर आहे, आणि पाणी चढतंय. मग अचानक आकाशातून उडती तबकडी जाते. दुसऱ्या एका वेळी खिडकीबाहेरची एक विचित्र अर्धवट इमारत खालून ज्वाळा सोडत रॉकेटसारखी उडून जाते. मागे वाळत घातलेला शर्ट हलतोय, खोलीतली बाई वळूनही बघत नाही. दोन हजार वर्षांचं गाव दोन वर्षांत पाडायचं हेच इतकं अतर्क्य आहे की त्यापुढे उडणारी इमारत किरकोळ वाटते. आणि नदी? ती फक्त वर येते. ना राग, ना माया.

दूज्यांगयानवर मात्र अजून कुणी विज्ञानपट केल्याचं मी पाहिलेलं नाही. त्याचा मुख्य प्रसंग कुठला असावा हे मला पक्कं ठाऊक आहे. तिथल्या दगडात कोरलेला नियम आहे: पात्र खोल खणा, बांध बुटका ठेवा. किती खोल? त्यासाठी जुन्या लोकांनी नदीच्या तळात लोखंडी दांडे पुरून ठेवलेत. हिवाळ्यात पाणी ओसरलं की एक फाटा अडवायचा, वर्षभराचा गाळ उपसायला उतरायचं, आणि फावडं लोखंडावर वाजेपर्यंत खणायचं. वाजलं की थांबायचं.